शहाबादी फरशी, चार वर्षं बसून वापरलेली

भाकरी न्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी भाकरीचा भाव विचारतं. मग चप्पल काढून आत येतं, खाली बघतं आणि म्हणतं, "ही शहाबादीच ना हो काकू? कुठनं घेतली? काय फूट पडली?" सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते. पुढच्या वेळी विचारलंत तर हेच वाचायला देईन.

माझा धंदा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा. फरशीच्या धंद्यातलं मला काही कळत नाही, पण फरशीवर माझ्याइतकं बसलेलं माणूस तुम्हाला सोलापुरात सहज सापडायचं नाही. सकाळी साडेसहा ते दुपारी दोन आम्ही सात बायका मांडी घालून खालीच. कुणी थापतंय, कुणी शेकतंय, कुणी उखळात कांडतंय. दुकानातली माणसं फरशी उभ्यानं दाखवतात आणि घेणारेही उभ्यानंच बघतात. तिचा खरा गुण-अवगुण बसल्यावर कळतो, आणि तोही एका उन्हाळ्यात नाही.

आमची शेड २० बाय ३०ची, विजापूर रोडला आतल्या बाजूला. पुढची १० बाय २० जागा पॅकिंगची, तिथं चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. मागची २० बाय २० जागा चुलीची आणि उखळाची, तिथं शहाबादी. एकाच पत्र्याखाली दोन्ही, त्यामुळं मी जे सांगते ते दोन्ही वापरून.

पण फरशीच्या आधी मातीचं सांगितलं पाहिजे, कारण माझे निम्मे पैसे तिथंच गेले. सहा वर्षांपूर्वी शेड बांधली तेव्हा ठेकेदारानं पाया खणताना निघालेली काळी मातीच जोत्यात परत लोटली आणि वरनं कोथिंबीर भुरभुरल्यासारखा मुरूम पसरला. मी तेव्हा लग्नसराईच्या ऑर्डरीत, बघायला वेळ कुणाला? पुढं टाइल बसवली, मागं पैसे संपले म्हणून नुसता सिमेंटचा कोबा. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात आमच्याकडचा पाऊस पडला. एका रात्री आतून फाट्कन आवाज आला. मला वाटलं, सिलिंडरचं काही झालं. जाऊन बघते तर मधल्या दोन टाइला एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या! बाकीच्यांवर बोट वाजवलं तर निम्म्या पोकळ. मागचा कोबाही भिंतीकडनं तडकलेला.

मी महिनाभर टाइलच्या कंपनीला शिव्या घातल्या. मग भाच्याचा एक इंजिनिअर मित्र आला. त्यानं कोपऱ्यात हातभर खड्डा घ्यायला लावला आणि काळं ढेकूळ हातावर ठेवून म्हणाला, "काकू, टाइलची काही चूक नाही. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आवळते. तुम्ही फुगणाऱ्या पोटावर पाटा ठेवलाय." शेतकऱ्याच्या घरची असून मला हे सुचू नये? एप्रिलमध्ये आमच्या रानात भेगेत अख्खा पंजा जायचा. त्याच मातीवर मी टाइल घातली होती.

मग सगळं उकरलं. ६०० फूट जागा, दोन फूट खोल, म्हणजे १,२०० घनफूट, १२ ब्रास. मुरूम मात्र १५ ब्रास लागला, कारण पाणी मारून धुम्मस केली, म्हणजे ठोकून दाबला, की तो बसतो. वीत-वीतभर थर देऊन भरला, प्रत्येक थराला पाणी, प्रत्येक थराला धुम्मस. त्यावर दगडाचं सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट. हा खर्च वरच्या फरशीपेक्षा जास्त झाला. पुढं परत व्हिट्रिफाइड घातली, कारण पॅकिंगला तीच बरी. मागं काय घालायचं याचा मात्र मी दोन आठवडे विचार केला.

खरं तर विचार असा नव्हता. डोक्यात आजीची खोली होती. आजोबा मिलमध्ये होते. त्या खोलीला खाली शहाबादी आणि वर माळवद: तुळया, त्यावर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. मे महिन्यात दुपारी आजी फरशीवर पाण्याचा हात फिरवायची आणि आम्ही पाचही नातवंडं उघड्या पाठीनं आडवी. त्या फरशीला कुणी कधी पॉलिश मारलं नव्हतं. पायांनी आणि पोत्यानं पुसून पुसूनच ती गुळगुळीत झाली होती, आणि जात्याच्या जागी बशीएवढा खोलगा पडला होता. आम्ही त्यात गोट्या ठेवायचो.

तर फरशी घ्यायला गेले. शहराबाहेरच्या एका आवारात. नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढं येईल. आवार म्हणजे उघडं मैदान, फरश्या काठावर उभ्या करून ओळीनं लावलेल्या, मधनं माणूस जाईल एवढी बोळ. एका कडुलिंबाखाली मालक बसलेला. फरश्यांचाच कट्टा, फरशीचंच टेबल. हमालांशी कानडी, माझ्याशी मराठी, फोनवर हिंदी. सगळे त्याला अण्णा म्हणतात. मीही म्हणाले.

"कुठला कल्लु पाहिजे अक्का? शहाबाद, तांडूर, कोटा, कडप्पा?" कल्लु म्हणजे कानडीत दगड.

शहाबाद म्हणजे कलबुर्गीच्या पलीकडचं गाव, आपल्या सोलापूरहून गुंटकलला जाणाऱ्या रेल्वेवर. रेल्वे सोलापूरला १८६०मध्ये आली आणि १८७१मध्ये रायचूरला जाऊन मद्रासच्या लाइनला मिळाली. खाण रुळाच्या काठाला आणि आपण त्याच रुळावर, मग इथल्या जुन्या घरांत ही फरशी दिसते यात नवल ते काय. अण्णानं समजावलं की हा दगड खाणीत थरावर थर असा बसलेला असतो, पहारीनं थर सुटतो. आमच्या भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा. म्हणून वरचा चेहरा मुळातच सपाट येतो, ग्रॅनाइटसारखा करवतीनं चिरावा लागत नाही. स्वस्त पडायचं हेही एक कारण.

मी पिशवीतनं लिंबाची फोड काढली आणि एका तुकड्यावर पिळली. बारीक बुडबुडे आले. अण्णा हसला. "अक्का, सगळा चुन्याचाच दगड आहे. कडप्प्यावर पिळा, कोट्यावर पिळा, तिकडंही येणार. ग्रॅनाइटवर तेवढे येणार नाहीत." त्याचं खरं होतं. या फोडीनं अस्सल-नकली काही ठरत नाही. पण या फरशीचा वैरी कोण ते मला त्या दिवशी कळलं. कळूनही पुढं अद्दल घडायची ती घडलीच.

खरी परीक्षा कानानं करायची. फरशी उभी धरून छोट्या हातोडीनं टकटक करा. खणखणीत वाजली तर घ्या. बद्द वाजली तर आत थर सुटलेला असतो, आज नाही तर दोन वर्षांनी पापुद्रा निघणार. माझ्यासमोर पंधरा-सोळा बाजूला काढल्या, अण्णानं तोंड वाकडं न करता बदलून दिल्या. दुसरं, जाडी. एका ओळीत पाऊण इंची पण असते आणि सव्वा इंची पण. आम्हाला खाली कांडायचं असतं म्हणून सव्वा इंचीच्या निवडून घेतल्या. घरी आल्यावर एक फरशी पिठाच्या काट्यावर ठेवली तर २९ किलो. ११० फरश्या म्हणजे तीन टनांच्या वर, टेम्पोच्या दोन खेपा झाल्या. तुमच्या गल्लीत टेम्पो शिरत नसेल तर हमाली आधीच ठरवून घ्या, नंतर दारात भांडण होतं.

आता नाव का लिहीत नाही ते. बिल आलं ४४० फुटांचं: दोन बाय दोनच्या ११०, दर ३२ रुपये, १४,०८० रुपये झाले. टेम्पो-हमाली वेगळी. हे सगळे चार वर्षांपूर्वीचे दर, आज विचारून घ्या. मिस्त्री मांडायला लागला तेव्हा म्हणाला, "मावशी, ही दोन बाय दोन न्हाय बगा." टेप लावला. साडेतेवीस बाय साडेतेवीस. कडा चिरून सरळ करताना अर्धा इंच जातो आणि बिल मात्र चोवीसचं लागतं. अर्धा इंच म्हणजे काय, असं वाटतं ना? दर फरशीला चार फुटांऐवजी तीन पूर्णांक चौऱ्याऐंशी शतांश. ११० फरश्यांत १८ फूट हवेत गेले. भाकरीत मी चार टक्के कमी पीठ घातलं तर बायका दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहतील.

मी तशीच रिक्षा करून गेले, कागदावर हिशेब घेऊन. अण्णा म्हणाला, "सगळीकडं असंच मोजतात अक्का." मी म्हणाले, "मग सगळीकडच्यांना सांगा, एक बाई टेप घेऊन फिरतीय." थोडा वेळ गेला, एक चहा झाला, आणि पाच फरश्या जास्तीच्या टेम्पोत चढल्या. त्या १९ फूट भरल्या. भांडण मिटलं. माणूस वाईट नाही, पण मोजमापाची रीत वाईट आहे. तिथं जा, दुसऱ्या आवारात जा, कुठंही जा, पण टेप घेऊन जा आणि भाव प्रत्यक्ष मापावर ठरवा.

बसवायला तीन दिवस लागले. मोरीकडं दहा फुटाला इंचभर ढाळ दिला. फरशी घालण्याआधी मागची बाजू धुऊन ओली केली, कारण खाणीची धूळ राहिली की खालचा वाळू-सिमेंटचा माल धरत नाही. हे मिस्त्रीनं चोख केलं. घोटाळा त्याच्या पोरानं केला. फरश्यांमधल्या फटी भरल्यावर फरशीवर सिमेंटचे डाग राहिले होते. मी बाजारात गेले होते, त्यानं बाथरूम धुवायची ॲसिडची बाटली आणली आणि ओतली. मी परत आले तेव्हा फस्स आवाज अजून चालू होता. सहा फरश्या पांढऱ्याफटक आणि खरखरीत. पुढं पॉलिशच्या मशिननं बऱ्याचशा सावरल्या, पण आजही डोळे मिटून हात फिरवला तर कुठल्या सहा ते मी सांगते. सिमेंटचे डाग लागू द्यायचेच नाहीत, ओले असतानाच पोत्यानं पुसायचे. लागलेच तर खरवडून, दगडानं घासून काढायचे. ॲसिडची बाटली घरात असेल तर शहाबादीवाल्यांनी ती कुलपात ठेवावी. लिंबू, चिंच, ताक सांडलं तरी लगेच पुसायचं, नाहीतर चमक उडालेला गोल डाग राहतो.

पॉलिशवाला आरशासारखं करून देतो म्हणत होता. त्याच्या मोबाइलमध्ये फोटो होते, फरशीत पंखा दिसत होता. मी म्हणाले, "दादा, इथं सात बायका पिठाच्या आणि तेलाच्या पायांनी चालतात. मला पंखा बघायचा असला तर मान वर करते." खडबडीतपणा गेला, बसल्यावर साडी अडकत नाही, पण पाय धरतो, एवढ्यावर थांबवलं. पुढं पॅकिंगमध्ये टाइलवर मी स्वतः दोनदा घसरले आहे, मागं एकदाही नाही. पॉलिशचं आणखी एक: दोन दिवस राखाडी चिखल वाहतो. तो मोरीत सोडू नका. आमच्यात सोडला आणि नळीत खाली बसून घट्ट झाला. प्लंबरला बोलवावं लागलं.

आता बसण्याचं.

पारा ४३-४४ला गेल्यावर पत्र्याखाली चुलीजवळ काय होत असेल ते सांगायला नको. अशा दिवसांत दुपारी काम संपलं की आमच्यातली एकही बाई लगेच घरी जात नाही. फरशीवर पाणी मारायचं, पदर डोक्याखाली घ्यायचा, अर्धा तास आडवं व्हायचं. शहाबादी थंड असते असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. मग धाकट्या बहिणीनं माझं बघून तिच्या दुसऱ्या मजल्यावर शहाबादी घातली. मे महिन्यात फोन: "ताई, थंड कुठली गं, तवा झालाय!" जाऊन बघितलं तर खरंच. पश्चिमेचं ऊन खिडकीतनं आत, डोक्यावर गच्ची, खाली स्लॅब, सगळीकडनं तापलेलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्याकडचा गारवा फरशीचा कमी आणि तिच्या खालच्या जमिनीचा जास्त आहे. दगड तो गारवा वर येऊ देतो, एवढंच त्याचं काम. खाली जमीन नसेल तर दगड आणणार कुठनं? खरं सांगायचं तर पुढची टाइलही जमिनीवरच आहे आणि तीही गारच लागते. फरक आहे तो घामाचा. टाइलवर घाम चिकटतो, शहाबादी तो थोडा पिते. तेव्हा वरच्या मजल्यावर नुसत्या गारव्यासाठी कुणी घालत असेल तर बहिणीचा नंबर देते, तिच्याशी बोला.

आणि डिसेंबरात उलटं. सकाळी साडेसहाला बसलं की थंडी गुडघ्यात चढते. आम्ही गोणपाट घालतो, त्यावर जुनी चादर. चाळिशीच्या पुढच्या बायकांनी हे आधीच धरून चालावं.

तेलाचा मुद्दा मोठा. शेंगदाणा कांडताना तेल सुटतं आणि ही फरशी तेल पिते. पहिल्या दोन महिन्यांत उखळाभोवती काळं वर्तुळ. खडूची भुकटी भिजवून रात्रभर थापून ठेवली की थोडं ओढून घेते, पण पूर्ण जात नाही. त्यात आपला खाण्याच्या वस्तूंचा परवाना. त्याच्या नियमात जमीन न शोषणारी, न घसरणारी, सहज धुता येणारी पाहिजे. न घसरण्यात आम्ही पास, न शोषण्यात नापास. शेवटी दगडात मुरणारं सीलर आणून दोन हात मारले. तेव्हापासून तेल वर राहतं, पुसलं की निघतं. पण सीलर कायमचं नाही. पाण्याचा थेंब ठेवून बघायचा, थेंब फुगून राहिला तर ठीक, काळा डाग पडून मुरला तर परत मारायची वेळ झाली. मी दोनदा मारून झालंय. हे काम दुकानदार कधीच सांगत नाही. माझ्या मते सीलर फरशीच्याच खर्चात धरा आणि मग टाइलशी तुलना करा. टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, तिला हे लाड लागत नाहीत. म्हणून पॅकिंगमध्ये मी ती ठेवली आहे आणि ठेवणार.

उखळ मात्र फरशीवर ठेवू नका, कितीही जाड असली तरी. आमचं उखळ काळ्या दगडाचं. त्याच्यापुरती दोन बाय दोनची जागा मोकळी ठेवली, खाली मुरूम, भोवती बोटभर वाळू. मुसळाचा दणका वाळूत जिरतो. आधीच्या कोब्यात उखळ चिणून बसवलं होतं, तर चारही बाजूंनी चांदणीसारखे तडे गेले होते.

गॅसची टाकी एकदा आमच्यातल्या सुशीच्या हातनं सुटून फरशीच्या कडेवर पडली. नखाएवढा टवका उडाला, फरशी शाबूत. टवका भरून घेतला, शोधल्याशिवाय सापडत नाही. तीच टाकी पुढं पडली असती तर टाइल या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यापर्यंत गेली असती, आणि तो रंग आता बाजारात मिळत नाही.

कुणाला गुणच हवेत तर पाचपैकी चार. एक गुण मी सीलरसाठी कापला. अण्णाच्या आवाराला साडेतीन, अर्धा त्या अर्ध्या इंचाचा आणि बाकीचा त्यांच्याकडं बसायला सावलीत एकच जागा आहे आणि तिच्यावर अण्णा बसतो त्याचा. मिस्त्रीला चार, त्याच्या पोराला शून्य. पोरगा आता दुसरीकडं कामाला आहे, तिथल्यांनी बाटल्या सांभाळाव्यात.

जास्तीच्या पाच फरश्यांतल्या दोन मोरीजवळ कापून लागल्या. एक अंगणात धुणं आपटायला टाकली. तिथं ऊन-पाणी आलटून पालटून मिळतं, तिचा वरचा पापुद्रा दुसऱ्याच वर्षी सुटला, तेव्हा उघड्यावर घालणाऱ्यांनी जाड आणि खणखणीत बघूनच घालावी. राहिलेल्या दोन भिंतीला टेकून ठेवल्यात. परवा बहिणीनं मागितल्या. तिला तुळशीभोवती कट्टा करायचाय. मी म्हणाले, ने, पण रिक्षात चढवायला माणूस तुझा आण, एक २९ किलोची आहे.